आधी नेक बघ, रंग नंतर

चि. बेसवालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती नीट वाचल्या. तीस हजारांत दुकानातला नवा साधा बेस (बेस गिटार) घ्यावा की कुणी वाजवलेला पण वरच्या दर्जाचा घ्यावा, असं विचारलं आहेस. वाजवलेला घे. त्याच पैशांत एक पायरी वरचं वाद्य मिळतं, आणि काही पावसाळे काढलेल्या लाकडाने आपला स्वभाव दाखवून झालेला असतो. फक्त बघायचं काय, ते कळलं पाहिजे. बेसमधले काही दोष पाचशे रुपयांत जातात, काही पाच हजारांत, आणि काही जातच नाहीत. कुठला दोष कुठल्या खात्यातला हे ओळखता आलं, की भाव करणं, विश्वास ठेवणं, नाही म्हणणं, सगळं सोपं होतं.

न जाणारे दोष बहुतेक नेकमध्ये, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यात, असतात. चार तारा मिळून नेकवर सत्तर किलोंच्या वर ताण देतात, तोही रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. म्हणून बॉडीचा रंग, पिकगार्ड, चकाकी यांच्याकडे बघूच नकोस. आधी बेस ई, ए, डी, जी असा नेहमीच्या ट्यूनिंगला आण. पुष्कळ लोक तारा सैल करून बेस ठेवतात, बहुधा चांगल्या हेतूनेच, पण सैल तारांवर नेकची परीक्षा होत नाही. ट्यून केल्यावर दहा मिनिटं गप्पा मार, लाकडाला ताण घेऊ दे, आणि पुन्हा ट्यून कर.

मग बेस मांडीवर घे. पहिल्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लाव, आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार बोटाने दाब. तार आता सरळ पट्टीसारखी ताठ झाली. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट राहते ते बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. फट जास्त असली किंवा अजिबात नसली तरी घाबरायचं कारण नाही, ते ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आतल्या बाक कमी-जास्त करणाऱ्या सळीचं, काम आहे. खरा प्रश्न हा, की ट्रस रॉड अजून फिरतो का. स्वतः पाना लावू नकोस, वाद्य अजून त्याचं आहे. विकणाऱ्यालाच सांग, "पाव फेरा फिरवून दाखवाल का?" रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि नेक तरीही तारांच्या बाजूला ओढली गेली आहे, असं दिसलं तर आभार मानून निघ. त्या बेसचा भाव कितीही उतरला तरी तो तुला परवडणार नाही.

ट्रस रॉड ठीक असला तर ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाच्या) बाजूने, एक डोळा मिटून, सुतार फळी पारखतो तसं नेककडे बघ. वरचा नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि शेवटचा फ्रेट या दोन रेघा समांतर दिसल्या पाहिजेत. एक रेघ तिरपी असेल तर नेकला पीळ पडला आहे, आणि पीळ ट्रस रॉडने निघत नाही. नेक चार स्क्रूंनी जोडलेली असेल तर बदलता येते हे खरं, पण चांगल्या नेकची किंमत आणि ती बसवायची मजुरी धरली तर स्वस्त बेस महागात पडतो. नेक चिकटवलेली असेल तर हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या भागाच्या) मागे, नटच्या थोडं खाली, टॉर्च धरून केसासारखी रेघ शोध. पडलेली गिटार तिथेच मोडते.

यानंतर कंटाळवाणं काम. वीस फ्रेट आणि चार तारा, म्हणजे ऐंशी स्वर एकेक करून वाजव. पाच मिनिटं लागतात. कुठे खरखर होते, कुठे एका फ्रेटवर दाबूनही पुढच्याचाच स्वर येतो, ते लक्षात ठेव. स्टीलच्या राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेल्या) तारा फ्रेट खातात, त्यामुळे पहिल्या पाच-सहा फ्रेटवर खाचा दिसतीलच. उथळ असतील तर कारागीर कानस मारून लेव्हल करून देतो. फ्रेट मुळातच चपटे झाले असतील तर ते बदलावे लागतील, आणि तो खर्च भावातून वजा झाला पाहिजे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये विशेष कान दे. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या बेसवर तिथे एखादा स्वर लवकर विझतो. त्याला डेड स्पॉट म्हणतात. तो लाकडाचा गुण आहे, तारा बदलून जात नाही. पुष्कळ वादक असा बेस आयुष्यभर आनंदाने वाजवतात. फक्त तो आहे हे घेण्याआधी माहीत हवं.

आता आपल्या हवेबद्दल, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये तुला हे कुणी सांगणार नाही. तू पुण्यात, आणि तुझ्या यादीतला एक बेस मुंबईत, तोही समुद्राजवळ. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे नेक ओल पिते, आणि तोच बेस एप्रिलमध्ये पुण्यात आणलास की लाकूड सुकून आकसतं. फ्रेटची धातू आकसत नाही, त्यामुळे नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. हा दोष नव्हे, कानशीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते निमित्त करून कुणाचा भाव पाडू नकोस. खाऱ्या हवेचा खरा त्रास ब्रिजवर होतो. सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची) उंची कमी-जास्त करायचे इवलेसे ॲलन स्क्रू गंजून बसलेले असतात, आणि ते फिरले नाहीत तर सेटअपच, म्हणजे वाजवायला सोयीची जुळणी, करता येत नाही. चारही सॅडल हलतात ना, ते बघूनच घे. मुंबईहून आणलेला बेस पुण्याच्या हवेत दोन आठवडे ठेव, मगच कारागिराकडे सेटअपला ने. आणल्या दिवशी केलेला सेटअप महिनाभरात पुन्हा करावा लागतो.

वायरिंगचे दोष बहुधा पाचशे रुपयांच्या खात्यात जातात. पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण) फिरवताना करकरतो? कॉन्टॅक्ट क्लीनर. जॅक हलतो? नवा जॅक. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बेस बघायला जाताना 9 व्होल्टची नवी बॅटरी स्वतःची ने. बॅटरी उतरली की आवाज फाटतो आणि चांगलं वाद्य नादुरुस्त वाटतं. जॅझ बेसमध्ये (फेंडरचं दोन पिकअपचं मॉडेल; पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक) एकच पिकअप पूर्ण उघडला की गुणगुण ऐकू येते आणि दोन्ही सारखे उघडले की ती जाते. ती बनावटच तशी आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर आतली ग्राउंडची वायर जागेवर आहे असं समज. पण तारांना हात लावताच झिणझिणी आली तर वाजवणं तिथेच थांबव. दोष बहुतेक त्या घरातल्या अर्थिंगचा किंवा अँपचा असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

म्हणूनही भेट कुणाच्या घरी नको, जॅम रूममध्ये ठरव. तासाभराचं भाडं तू भर. तिथे बेसचा अँप असतो, चार माणसं असतात, आणि अँप मोठा करून वाजवता येतं. सोबत कुणाला तरी घेऊनच जा.

अँप आत्ता घेऊ नकोस असंच मी म्हणेन, पण मोह झालाच तर मागच्या पट्टीवरचे व्होल्ट आधी वाच. जपानचा अँप 100 व्होल्टचा, अमेरिकेचा 120 चा, आणि आपल्या भिंतीत 230 आहेत. ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातला की अँप जळालाच. कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) दोन लावणार असशील तर ओहम, म्हणजे त्यांच्या विद्युत रोधाचा आकडा, बघ. आठ-आठचे दोन मिळून चार होतात, ते बहुतेक अँप सोसतात. चार-चारचे दोन मिळून दोन होतात, ते बरेच सोसत नाहीत. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधीच चालू करायचा नाही. आणि गिटारच्या अँपवर बेस भागवू नकोस. तुझी ई तार 41 हर्ट्झवर बोलते, तो स्पीकर त्यासाठी बनलेलाच नाही.

नाव आणि वय यांच्या गोष्टी सगळ्यात जास्त रंगवून सांगितल्या जातात. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस 1951 मध्ये आणला, जॅझ बेस 1960 मध्ये, आणि 1965 च्या सुरुवातीला कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक वेडे भाव देतात. 1982 पासून जपानमध्ये बनलेल्या फेंडर आणि स्क्वायरलाही (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) मोठा मान आहे, आणि तो रास्त आहे. पण हेडस्टॉकवरचा नंबर नेकपुरता खरा. चार स्क्रू काढले की एका बेसची नेक दुसऱ्याच्या बॉडीवर बसवता येते, आणि नावाचा स्टिकर तर सहज मिळतो. मोठा दावा असेल तर नेक काढून टाचेवरची (बॉडीत बसणाऱ्या टोकावरची) तारीख आणि आतल्या पॉटवरचा शिक्का यांचे फोटो माग. अमेरिकेतल्या सीटीएस कंपनीच्या जुन्या पॉटवरचा आकडा 137 ने सुरू होतो, पुढचे आकडे साल आणि आठवडा सांगतात: 1376633 म्हणजे 1966 चा तेहतिसावा आठवडा. तुझ्या बजेटमध्ये असा बेस येणार नाही. तुझ्या बजेटमध्ये तसा दावा मात्र येऊ शकतो, म्हणून सांगितलं.

भावाचा माझा हिशोब साधा आहे. तेच मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं ते बघायचं. चांगल्या स्थितीतल्या बेसला त्याच्या साठ-सत्तर टक्के, आणि त्यातून कारागिराचा खर्च वजा. मालकाने बारा हजारांचे पिकअप बसवले असले तरी त्याचे बारा हजार भावात मिळवायचे नसतात. मूळ पिकअप मात्र जपून ठेवले असतील तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही. तुझ्या तीन जाहिरातींपैकी पहिलीत "एकदम मिंट" (नव्यासारखा) याखेरीज काही नाही, फोटोही दुकानाच्या वेबसाइटवरचे आहेत. तिसऱ्याने मागचा खड्डा जवळून दाखवला आहे आणि जी तारेचा सहावा फ्रेट दबका वाजतो हे न विचारता लिहिलं आहे. आधी त्याला फोन कर. आणि त्याचा खरेपणा वापरून त्याचाच भाव पाडू नकोस, त्याने ते धरूनच आकडा लावलेला दिसतो.

पैशाचं मात्र कडक ठेव. बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. "मी सैन्यात आहे, बदली झाली, बेस पार्सलने पाठवतो" हा फोन या देशात हजारो लोकांना येऊन गेला आहे. खऱ्या जवानाला त्याचं ओळखपत्र तुला व्हॉट्सअ‍ॅप करायची गरज पडत नाही. आणि तुझा जुना बेस विकताना हे पक्कं ध्यानात ठेव: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. समोरचा क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला की फोन ठेव. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस, लगेच 1930 ला फोन लाव, तिथे पहिला तास फार मोलाचा असतो. खरेदीची दोन ओळींची पावती दोघांच्या सह्यांनी कर, त्यात सीरियल नंबर असू दे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि चोरीला गेलेल्या बेसचा मालकही आपल्यासारखाच कुणीतरी वादक असतो.

आता तुझा जुना बेस. नवा हातात येऊन महिना होईपर्यंत तो विकू नकोस, एवढा आग्रह मान. मग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात फोटो काढ: हेडस्टॉक पुढून-मागून, सीरियल नंबर, फ्रेट जवळून, ब्रिज, नेकची टाच, आणि प्रत्येक खोक. वजनकाट्यावर धरून वजन लिही. खांदा दुखणाऱ्या माणसाला त्याहून महत्त्वाचं काही नसतं. तुझ्या बेसचा व्हॉल्यूमचा पॉट मध्येच आवाज सोडतो, ते एकतर दुरुस्त कर किंवा जाहिरातीच्या पहिल्या परिच्छेदात लिही. आपल्याकडे बेस वाजवणारे मोजके. पुण्या-मुंबईत तर एकच वाद्य चार-पाच वर्षांत तीन ओळखीच्या हातांतून फिरतं, आणि ते कुणी कसं विकलं हेही त्याच्याबरोबर फिरतं.

बाहेरगावी पाठवायचा झाला तर कुरिअरचा खर्च आधी काढ, भाव नंतर सांग. बेस चार किलोंचा, पण बऱ्याच कंपन्या खोक्याच्या आकारावर वजन धरतात: सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागायचं. 125, 45 आणि 20 चं खोकं धरलं तर साडेबावीस किलो होतात. खोकं गिटारच्या दुकानात मागितलं तर बहुतेक देतात. तारा एक-दोन स्वर उतरव, पूर्ण काढू नकोस. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये पातळ कापड सरकव, हेडस्टॉकच्या खाली आणि भोवती फोम भर, कारण खोकं आपटलं की धक्का तिथेच बसतो. बंद करून हलवून बघ. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघड आणि पुन्हा भर. भरतानाचा व्हिडिओ काढ आणि तो घेणाऱ्याला पाठव.

जाहिरातीचा मसुदा झाला की फोटोंसकट मला धाड. आणि तिसऱ्या जाहिरातवाल्याने शनिवारची वेळ दिली तर आदल्या दिवशी कळव, मी येतो. कॅपो आणि टॉर्च माझ्याकडे आहेत, बॅटरी तेवढी तू आण.

तुझा,
काका