पिक्चर ट्यूबचे टीव्ही : प्रश्न तुमचे, उत्तरं जुन्या मेकॅनिकांची

जुन्या घरगुती यंत्रांबद्दल प्रश्न मागवले, तर बरीचशी पत्रं टीव्हीचीच आली. त्यांना उत्तरं दिली आहेत ठाणे-वाशी भागात टीव्ही-व्हीसीआर भाड्याने देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी. काही जण घरोघरी कॉलवर जाणारे, काही वर्कशॉपात बेंचवर बसणारे. जिथे त्यांचं पटलं नाही, तिथे दोन्ही मतं दिली आहेत.

प्रश्न : वडील टीव्ही मेकॅनिक होते. त्यांच्या कॉल-बुकात 'रास्टर नाही, साउंड ओके', 'एक लाइन', 'हम बार', 'स्नो' अशा नोंदी सापडल्या. या नोंदी कशाच्या? (कोपरी, ठाणे)

रास्टर म्हणजे स्टेशन लागलेलं नसतानाही ट्यूबवर दिसणारा नुसता उजेड. आवाज आहे पण उजेड नाही, म्हणजे सप्लाय बहुधा ठीक आहे आणि दोष हॉरिझॉन्टल विभागात (झोत आडवा फिरवणाऱ्या सर्किटात) किंवा खुद्द ट्यूबमध्ये. कॉलवर गेलेला माणूस मागचं झाकण काढण्याआधीच दोन गोष्टी बघायचा : ट्यूबच्या मानेत हीटरचा नारिंगी ठिपका आहे का, आणि सेट चालू करताना काचेजवळ धरलेल्या हातावरचे केस उभे राहतात का. केस उभे राहिले तर ईएचटी (ट्यूबला लागणारा हजारो व्होल्टचा दाब) तयार होतेय. वीस इंची ब्लॅक अँड व्हाइटला ती साधारण १५ ते १८ हजार व्होल्ट, रंगीत सेटला २४-२५ हजार. केस हललेच नाहीत, तर दोष आउटपुट ट्रान्झिस्टर, एलओटी (तो दाब बनवणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) किंवा ईएचटीचा डायोड यांत.

'एक लाइन' म्हणजे मधोमध झगझगीत आडवी रेघ. व्हर्टिकल (झोत वर-खाली फिरवणारं सर्किट) बंद पडलं. इथे पहिलं काम ब्राइटनेस खाली आणण्याचं. सगळा झोत त्या एकाच रेघेवर पडत असतो, काचेवरचा उजेड देणारा लेप, म्हणजे फॉस्फर, जळतो आणि डाग कायमचा राहतो. मग व्हर्टिकल आयसीच्या सप्लायमधला फ्यूजिबल (फ्यूजसारखा उडणारा) रेझिस्टर तपासायचा. तो बहुतेक वेळा उघडलेला असतो, पण नुसता तोच बदलून निघालात तर फसलात. तो गेला आयसी शॉर्ट झाल्यामुळे, आणि आयसी अनेकदा शॉर्ट होते शेजारचा कंडेन्सर हीटसिंकच्या उष्णतेने वाळल्यामुळे. तिन्ही एकदम बदलायचे. भाड्याच्या सेटचा परतीचा कॉल कंपनीच्या खिशातून जायचा, म्हणून कॉल-बुकात बदललेल्या पार्टबरोबर त्याचं कारणही लिहायची शिस्त होती. वडिलांच्या वहीत ती कारणं असतील तर वही जपून ठेवा.

'हम बार' म्हणजे पडद्यावर हळूहळू सरकणारे काळपट आडवे पट्टे. पट्टे दोन असतील तर मुख्य फिल्टर कंडेन्सर वाळलाय, कारण ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांमधून) येणारी लहर १०० हर्ट्झची आणि चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली काढलं जातं. पट्टा एकच दिसला तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा आहे. पट्टे मोजले की अर्धं निदान जागेवरच होतं.

'स्नो' म्हणजे पडद्यावर पसरलेले पांढरे ठिपके. त्याचं मूळ अँटेना, वायर किंवा ट्यूनरमध्ये. चॅनेलची खटखट फिरणारी मूठ असलेल्या जुन्या ट्यूनरचे चांदीचे काँटॅक्ट काळे पडतात. त्या काळी ते सीटीसीने (कार्बन टेट्राक्लोराइडने) धुवायचे. ते रसायन विषारी आहे, वापरू नका. काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसं आहे. सँडपेपर मात्र लावू नका, चांदीचा मुलामा निघून जातो.

प्रश्न : २१ इंची रंगीत टीव्ही हौसेने जपला आहे. हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टर बदलून आणला, आठ दिवसांत पुन्हा शॉर्ट. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. (वाशी)

ट्रान्झिस्टर मरतो, पण मारणारा दुसराच असतो. तिसरा घालण्याआधी खालचं सगळं बघून घ्या. निदान पुढच्या मेकॅनिकला हे दाखवा.

आधी प्लग काढा. मुख्य फिल्टर कंडेन्सरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो. तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही, तर होल्डरमधल्या ६० वॉटच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून उतरवायचा. या सेटची चासी मेन्सशी थेट जोडलेली असते, त्यामुळे बेंचवर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

मग जुना ट्रान्झिस्टर काढून टाका आणि बी-प्लस लाइन (हॉरिझॉन्टल विभागाचा मुख्य डीसी सप्लाय) ते ग्राउंड असा ६० वॉटचा बल्ब लोड म्हणून लावा. सेट सुरू करून बी-प्लस मोजा. बोर्डवर ११०, ११५ असा जो आकडा छापलेला असेल, तोच यायला हवा. ११५ च्या जागी १४०-१५० आले तर गुन्हेगार सापडला : एसएमपीएसच्या (सेटच्या पॉवर सप्लायच्या) फीडबॅकमधला छोटा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळलाय किंवा प्रीसेट (व्होल्टेज जुळवायची छोटी मूठ) खराब आहे. या जागचा कंडेन्सर १०५ डिग्रीचाच घाला, ८५ डिग्रीचा इथे टिकत नाही.

बी-प्लस बरोबर असेल तर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा ट्यूनिंग कंडेन्सर बघा. १६०० किंवा २००० व्होल्टचा, काही नॅनोफॅरडचा, चपटा. त्याची क्षमता घटली की परतीचा पल्स हजारेक व्होल्टवरून दीड हजाराच्या पुढे उसळतो, आणि ट्रान्झिस्टर बीयू ५०८ असो की डी १५५५, दोघांची सहनशक्ती १५०० व्होल्टचीच. मीटरवर मोजून नेमक्या त्याच मूल्याचा बसवा. 'जवळपासचा' इथे चालत नाही.

तिसरं, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचे (या ट्रान्झिस्टरला ड्राइव्ह, म्हणजे चालवणारा सिग्नल, देणाऱ्याचे) पाय. भिंग घेऊन बघितलंत तर पायाभोवती बारीक गोल चीर दिसेल. हाच ड्राय सोल्डर. तिथे ड्राइव्ह अपुरा किंवा तुटक मिळतो, ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होत नाही, तापतो आणि जातो. नुसतं पुन्हा गरम करू नका. जुनं कथील ओढून काढा, पाय खरवडा, नवं भरा. एलओटीचे सगळे पाय त्याच बैठकीत करून टाका.

चौथं कारण आमच्या बेंचवाल्यांच्या मते सर्वांत जास्त वेळा सापडणारं. डी १५५५ मध्ये डँपर डायोड (उलटा प्रवाह वाहून नेणारा) आतच असतो, बीयू ५०८ए मध्ये नसतो. दुकानदाराने 'हा चालतो' म्हणून पहिल्याच्या जागी दुसरा दिला आणि सेटमध्ये बाहेरचा डायोड नाही, तर तो जळणारच. नंबर वाचून घ्या. हीटसिंक आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला अभ्रक आणि पांढरी पेस्टही विसरू नका.

एवढं सगळं ठीक निघालं तर एलओटी. आतले वेढे शॉर्ट असतील तर तो काही मिनिटांतच तापतो, अंगावर चीर किंवा फुगवटा दिसतो. नवा ट्रान्झिस्टर घातल्यावर पहिल्यांदा सेट मेन्सच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावूनच चालू करा, डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग काढून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर लगेच बंद करा, अजून शॉर्ट आहे. पुढे थेट मेन्सवर दहा मिनिटं चालवून प्लग काढा आणि हीटसिंकला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर काम संपलेलं नाही.

प्रश्न : काका बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथे लोक टीव्ही विकत न घेता वर्षानुवर्षं भाड्यानेच वापरत, असं ते सांगतात. आपल्याकडे तसं का नव्हतं? (नौपाडा, ठाणे)

काका बरोबर सांगतात. तिथली रेडिओ रेंटल्स ही कंपनी १९३० साली ब्रायटनला रेडिओ भाड्याने देत सुरू झाली आणि पुढे टीव्हीकडे वळली. व्हॉल्व्हचे सेट महाग आणि सारखे बिघडणारे. भाड्यात दुरुस्ती धरलेली असायची, त्यामुळे बिघाडाची काळजी कंपनीला. १९६७ मध्ये तिथे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा तर नवा सेट विकत घेणं अनेकांना झेपणारं नव्हतं. गंमत अशी की या धंद्याने सेटचा आराखडाही बदलला. थॉर्न कंपनीच्या त्या काळच्या रंगीत चासी सुट्ट्या पॅनेलच्या होत्या : घरी जायचं, खराब पॅनेल ओढून काढायचं, दुसरं लावायचं, दुरुस्ती वर्कशॉपात. ट्रान्झिस्टर आणि आयसी आल्यावर सेट टिकाऊ आणि स्वस्त झाले आणि भाड्याची गरज ओसरली. २००० साली थॉर्न आणि ग्रॅनाडा यांचे भाड्याचे व्यवसायही एकत्र आले.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये आणि रंग १९८२ मध्ये. तोपर्यंत ट्रान्झिस्टरचे सेट आलेले होते. इथे भाडं चाललं ते रात्रीचं : वीस इंची रंगीत सेट, व्हीसीआर, कॅसेट, लग्नघरी किंवा गणपतीच्या मंडपात. त्यात बिघाड वेगळेच व्हायचे. सेट रिक्षातून नेताना ट्यूबची काच छातीकडे धरायची, कारण सगळं वजन पुढे असतं. मंडपात लाउडस्पीकर शेजारी ठेवला की कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग. स्पीकर लांब नेऊन सेट वीसेक मिनिटं पूर्ण बंद ठेवायचा आणि मग चालू करायचा. आतली डिगॉसिंग कॉइल तिचा पोझिस्टर (तापला की प्रवाह रोखणारा पार्ट) थंड असेल तरच काम करते. तरी डाग राहिले तर हातातली कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत सहा फूट मागे यायचं, आणि तिथेच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर डाग आधीपेक्षा मोठा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या जुन्या फोटोंत गच्चीवरचे सगळे अँटेना एकाच दिशेला आहेत. (वर्तकनगर, ठाणे)

दूरदर्शनच्या वरळीतल्या मनोऱ्याकडे. ठाण्यातून ती दिशा नैऋत्य, अंतर साधारण २५ किलोमीटर. वाशीतून जवळजवळ पश्चिम, २० किलोमीटरच्या आसपास. मुंबईचा मूळ चॅनेल चार : चित्र ६२.२५ आणि आवाज ६७.७५ मेगाहर्ट्झवर. म्हणून मधला दांडा सव्वादोन मीटरच्या घरात, मागचा रिफ्लेक्टर थोडा लांब, पुढचे डायरेक्टर आखूड.

ठाण्यात खरा त्रास कमी सिग्नलपेक्षा डबल चित्राचा. येऊरच्या डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून सिग्नल आपटून उशिरा येतो आणि मूळ चित्राच्या उजवीकडे फिकी प्रत उमटते. वीस इंची ट्यूबवर ती प्रत दीड सेंटिमीटर सरकलेली असेल, तर तो सिग्नल सुमारे ६०० मीटर जास्त फिरून आलाय. एवढ्या अंदाजाने गच्चीवरूनच आपटणारी भिंत कोणती ते कळतं. अँटेना मग थेट वरळीकडे न धरता त्या भिंतीकडे पाठ राहील असा थोडा वळवायचा, भले सिग्नल जरा कमी मिळो.

प्रश्न : शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालू स्थितीत आहे. त्यावर सेटटॉप बॉक्स लागेल का? (ऐरोली)

लागेल. सेटला एव्ही सॉकेट नसणार, म्हणून बॉक्सचं पिवळं आणि पांढरं आउटपुट आरएफ मॉड्युलेटरला (चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या डबीला) द्यायचं आणि त्याची वायर अँटेनाच्या जागी. मॉड्युलेटर घेताना पीएएल बी/जी (आपल्याकडची टीव्ही पद्धत) लिहिलेलं बघा. अमेरिकी पद्धतीचा आला तर चित्र येईल पण आवाज नाही, कारण त्यात आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपला सेट तो ५.५ वर शोधतो. शिवाय त्याचा चॅनेल तीन ६१.२५ वर, जो आपल्या चारच्या जवळ पडतो. फाइन ट्यूनिंग फिरवून चित्र तेवढं पकडता येतं. सेटच्या मागे दोन स्क्रू असतील तर ते ३०० ओहमचे. मधे बलून (ओहम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावा. बॉक्सच्या मेनूत चित्र ४:३ आणि आउटपुट पीएएल करा, नाहीतर चित्र उभं धावत राहील.

प्रश्न : पावसाळ्यात टीव्हीच्या मागे चर्र असा आवाज आणि निळसर ठिणगी. चित्रही सुरुवातीला धूसर असतं, नंतर साफ होतं. (कोपरखैरणे)

हे दोन वेगळे दोष, कारण मात्र एक : दमट, खारी हवा. ठिणगी ट्यूबवर ईएचटीची वायर जिथे लागते तिथल्या रबरी टोपीतून. टोपीखाली धूळ आणि ओल साचते. प्लग काढून, ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावर टेकलेल्या उघड्या तारेच्या वेणीला एक वायर अडकवा, तिचं दुसरं टोक चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला बांधा आणि तो टोपीखाली सरकवून चार्ज उतरवा. चासीला उतरवू नका, आयसी जातात. पाच मिनिटांनी पुन्हा उतरवा, काचेत चार्ज परत जमतो. मग काच आणि टोपी अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. हे आधी कधी केलं नसेल तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

धूसरपणा ट्यूबच्या मानेवरच्या सॉकेटचा. फोकसच्या पिनेला हिरवट गंज चढतो आणि व्होल्टेज गळतं; सेट तापला की ओल उडते, चित्र साफ. फोकसची मूठ पिळून उपयोग नाही. सॉकेट बदला.

प्रश्न : ट्यूब मंद झाली आहे. हीटर वाढवून देतो असं मेकॅनिक म्हणतो. (कळवा)

एलओटीच्या फेराइटवर तारेचा एखादा वेढा घालून हीटर ६.३ वरून साडेसात व्होल्टच्या आसपास नेतात. कॉलवर जाणारे म्हणतात, करून घ्या, काही महिने मिळतात. बेंचवाले म्हणतात, हीटर उडाला तर मंद चित्रही गेलं. पांढऱ्या भागावर चंदेरी झाक येत असेल तर ट्यूब खरंच दमली आहे. तशी झाक नसेल, तर आधी स्क्रीन व्होल्टेज आणि सॉकेट तपासायला सांगा.

प्रश्न : बंद पडलेला टीव्ही भंगारात द्यावा का? (नेरूळ)

अख्खा द्या, फोडून नको. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आत निर्वात असल्याने फुटली तर तुकडे उडतात. तांब्यासाठी योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) उपटून काच रस्त्याकडेला टाकणाऱ्याला देऊ नका. अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. त्याआधी एलओटी, योक आणि रिमोट कोणा हौशी दुरुस्तीवाल्याला हवेत का, तेवढं विचारा. नवे मिळणं आता अवघड झालं आहे.