वचन नंतर, आधी डबा घेऊन जा

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका वाचक मुलीचं लांबलचक पत्र आलंय. 'मावशी, ख्रिस्तात सलाम' अशी सुरुवात आणि पुढे तीन तक्रारी: नवऱ्याची, लेकीची आणि स्कार्बरोतल्या मैत्रिणीची. नवरा आणि लेक थांबतील. मैत्रिणीचं आधी बोलू.

ती लिहिते: 'तिचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. कळलं त्याच संध्याकाळी मी तिला व्हॉट्सॲपवर रोमकरांस पत्रातलं वचन पाठवलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. सोबत सूर्योदयाचा फोटो. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. आता फोनही उचलत नाही. मी तर देवाचं वचनच पाठवलं ना? माझं काय चुकलं?'

अगं बाई, वचन खरं आहे, पण ते त्या संध्याकाळचं नव्हतं. पाचव्या महिन्यात बाळ गेलं तरी आईच्या छातीत दूध उतरू शकतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. अशा बाईला तू 'कल्याण' वाचायला लावलंस. त्याच पत्रात चार अध्याय पुढे पौलाने लिहिलंय, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. आठवा अध्याय सगळ्यांना पाठ, कारण तो पाठवता येतो. बारावा करायला कोट घालून घराबाहेर पडावं लागतं.

हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि आमच्या घरचे त्याला कंटाळलेत, तरी पुन्हा सांगते. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. पुढच्या काही क्षणांत आपण त्याला उठवणार, हे त्याला माहीत होतं. शेवट गोड होणार हे ठाऊक असूनही त्याने लाजराच्या बहिणीला, मरीयेला 'रडू नकोस, आत्ता बघ गंमत' असं म्हटलं नाही. आणि आपल्याला पुढचं काहीच ठाऊक नसताना आपण दहा मिनिटांत 'देवाची योजना' सांगून मोकळे!

बायबलातल्या, मुलंबाळं नि सगळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र घे. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक अक्षर बोलले नाहीत. तिथवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत. मग तोंड उघडलं आणि अध्यायामागून अध्याय त्याला शिकवत सुटले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, ईयोबावर नाही.

आमची आजी नगरची. मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेली. वस्तीत कुणाकडे समाचाराला निघाली, की फडक्यात भाकरी आणि पातेल्यात पिठलं. पिशवीत बायबल असायचं, पण ते बाहेर यायचं ते घरातल्या कुणी 'आई, प्रार्थना करा' म्हटलं तरच. तोवर ती त्या घरची भांडी घासायची नाहीतर तान्ह्याला खेळवत बसायची. उपदेशाची खुमखुमी आमच्या आजोबांना होती. आजी त्यांना दुसऱ्या दिवशी न्यायची.

माझ्या धाकट्या बहिणीवर मस्कतला हीच वेळ आली, तेव्हा तिच्या फोनवर वचनांचा पाऊस पडला. त्यातलं तिला आज एकही आठवत नाही. आठवतात त्या पाळकांच्या पत्नी. आल्या, खुर्चीमागे उभ्या राहिल्या, तिच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, विचारलं, 'दुखतंय का गं अजून?' बस्स. महिन्याभराने त्यांनीच तिला हाताला धरून पुन्हा उपासनेला नेलं.

म्हणजे उत्तेजन द्यायचंच नाही, असं नाही. त्याची वेळ नंतर येते आणि तेही पायांनीच द्यायचं असतं. बर्णबा शौलाला, म्हणजे याच पौलाला, शोधायला स्वतः तार्सास गेला आणि त्याला अंत्युखियास घेऊन आला. मग वर्षभर दोघांनी मिळून काम केलं. तुला ब्रॅम्प्टनहून स्कार्बरोला जायचंय. ४०७ महामार्गाचा टोल परवडत नसेल तर ४०१ ने जा, गर्दीत अडकशील, पण जा.

आधी तिच्या नवऱ्याला फोन कर. त्यालाही 'तू कसा आहेस' असं कुणी विचारलेलं नसणार. बाळ त्याचंही होतं. मऊ खिचडी, कढी, असलं काही ने. दारात एवढंच म्हण: 'त्या दिवशी मेसेज पाठवला, यायला हवं होतं. आता आले.' 'तरुण आहेस, पुन्हा होईल' हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळ. बाळाचं नाव ठरवलं होतं का, हे ती आपणहून बोलली तर ऐक आणि ते नाव तूही घे. ती भेटायला नको म्हणाली तर डबा नवऱ्याच्या हाती देऊन परत ये आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. नंतरही झोप नाही, जेवण नाही, असं चालू राहिलं तर फॅमिली डॉक्टरकडे तिच्यासोबत जा. जगण्यावरच उठल्यासारखं बोलली तर कॅनडात आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला, ९८८ ला, चोवीस तास फोन लागतो; तो लावायला प्रार्थनासभेची वाट पाहू नकोस.

आणि हो, बाळाची जी तारीख डॉक्टरांनी दिली होती, ती विचारून ठेव. त्या दिवशी सगळे विसरलेले असतील. तू जा.

राहिला नवरा, 'रविवारी उपासनेला यायचा कंटाळा करतो.' कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एवढ्या मोठ्या प्रश्नाला त्या घरात पाच वर्षं लागली, तू पाच रविवारांत टेकीला आलीस. त्याला दर शनिवारी टोचणं बंद कर.

लेकीला देवनागरी वाचता येत नाही, तर टिळकांची भजनं कानांनी शिकव. लिपी उन्हाळी सुट्टीत. आधी स्कार्बरोला जाऊन ये, मग मला लिही.