ताई, आधी चकली, मग पाटी

ठाण्यात घरगुती चकली विकायची तर भाजणी पक्की करा. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक. धणे-जिरे वेगळे भाजा. सगळं एकत्र भाजलं की जिरं करपतं, डाळ कच्ची राहते. घाऊक धान्य वाशीच्या एपीएमसी बाजारातून आणा, पण पहिल्या महिन्यात गोणी भरू नका.

किलोभर भाजणीला साधारण शंभर ग्रॅम कडकडीत तेलाचं मोहन. जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दाताला कडक लागते. तेल फार तापलेलं असेल तर वरून लाल, आतून मऊ. आणि गरम चकली कधीही पाकिटात भरू नका, वाफ धरून ती सादळते.

एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवाच. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटाला वाटेला लावा. भांडवल कमी असेल तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं.

दर काढताना गॅस, पाकीट, रिक्षा आणि स्वतःची मजुरी धरा. बायका नेमकी हीच शेवटची गोष्ट सोडतात, आणि वर्षभर राबून हातात काही उरत नाही.

मदतीला शेजारणी घ्याल तेव्हा किलोमागे दर आधी लिहून द्या, पैसे दर शनिवारी त्यांच्याच खात्यात टाका. भाजणीचं प्रमाणही मोकळेपणाने शिकवा. त्यातली एखादी उद्या कळव्यात स्वतःचं काम सुरू करेल. तिला तुमचा धान्यवालाही सांगा.