आवाज डावीकडे, दोष उजवीकडे

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांचे आवाज

प्रश्न : माझी २००९ची पेट्रोल स्विफ्ट १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. चार महिन्यांपासून ताशी ४० किलोमीटरच्या पुढे पुढच्या डाव्या चाकातून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. वेगाबरोबर तो चढत जातो, ७०ला तर गाडीत बोललेले ऐकू येत नाही. गॅरेजमध्ये डावे बेअरिंग बदलून घेतले, पण आवाज जसाच्या तसा आहे. टायरवाला म्हणतो टायर गेले, दुसरा मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उघडावा लागेल. माझ्या एवढेच लक्षात आले आहे की पसरणी घाटात डाव्या वळणांवर आवाज वाढतो आणि उजव्या वळणांवर जवळजवळ बंद होतो. टायर सहा वर्षांचे आहेत. काय करू?
— एक वाचक, वाई

उत्तर : गिअरबॉक्स उघडू नका. तुम्ही शेवटी जे लिहिले आहे, ते डावे बेअरिंग बदलण्याआधी कोणीतरी विचारायला हवे होते.

गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे वजन उजव्या चाकांवर झुकते. डाव्या वळणावर आवाज वाढतो, म्हणजे भार आल्यावर ओरडणारे बेअरिंग उजवे असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मग आवाज डावीकडून का येतो? बेअरिंगची घरघर खर्जातली असते. ती नकलमधून (बेअरिंग ज्यात बसते तो लोखंडी भाग) सस्पेन्शनमध्ये, तिथून क्रॉस मेंबरमध्ये (गाडीखालचा आडवा सांगाडा) आणि मग फ्लोअरच्या पत्र्यात उतरते. पत्रा जिथे जास्त थरथरतो तिथून आवाज आल्यासारखा वाटतो, आणि बंद केबिनमध्ये खर्जातल्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. बाजू कानाने ठरवायची नाही, ती भाराने आणि हाताने ठरवायची.

तरी वळणाची चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही. गोळ्यांच्या दोन ओळी असलेल्या बेअरिंगमध्ये आतल्या बाजूची ओळ खराब असेल तर कधी कधी उलटे लक्षण दिसते. म्हणून खर्च करण्याआधी पुढची तपासणी याच क्रमाने करा.

आधी गिअरबॉक्सचा संशय दूर करू. मोकळ्या सपाट रस्त्यावर ६०चा वेग धरा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच वाहू द्या. इंजिन मात्र बंद करू नका, नाहीतर पॉवर स्टिअरिंग जाईल आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांनंतर साथ सोडेल. इंजिनचे फेरे खाली आले तरी आवाज तसाच राहिला आणि फक्त गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर दोष चाकांच्या बाजूला आहे. डिफरन्शिअलचे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरबॉक्समधला भाग) बेअरिंगही या चाचणीत तसेच ओरडते, पण ते डाव्या-उजव्या वळणाला एवढा स्पष्ट फरक दाखवत नाही.

आता टायर. झिजून करवतीसारखे दाते पडलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घूं करतो, आणि यात भले भले फसतात. जाड हातमोजा घालून टायरच्या नक्षीवरून हात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खवल्यांसारखे लागले, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि टायर आवाज करणार. रस्त्याकडेही लक्ष ठेवा. काँक्रीटवरून नव्या गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाजाची जात बदलली तर टायर, तोच सूर कायम राहिला तर बेअरिंग. तरीही शंका उरली तर त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपापसात बदला आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फिरून या. आवाज मागे गेला तर टायरवाल्याचे म्हणणे खरे. टायरवरच्या चार आकडी खुणेतले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या टायरच्या भिंतींना तडे आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्या.

टायरवरचा संशय फिटला की जॅक बाहेर काढा. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. पुढच्या चाकामागे, दारांखालच्या पट्टीवर दोन खाचा असतात, जॅक त्यांच्यामध्येच लावायचा. चाक उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात किंवा डोके घालू नका.

चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर सैल ठेवा, आवळून धरू नका. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना स्प्रिंग थंड लोखंडासारखी निश्चल असते. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमध्ये बारीक मुंग्यांसारखी बोटांना लागते. कानाला काहीच ऐकू येत नसतानासुद्धा ती लागते, कारण स्प्रिंग ती पकडून हातापर्यंत आणते. ब्रेक पॅडच्या हलक्या घासण्याचा ‘सर्र सर्र’ आवाज वेगळा. तो प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी येतो आणि स्प्रिंगला जाणवत नाही. हीच चाचणी दोन्ही बाजूंना करा आणि हाताला लागलेला फरक पडताळून बघा. तुमच्या गाडीचे डावे बेअरिंग नवे आहे, म्हणजे तुलनेला चांगला नमुना हाताशीच आहे. डावीकडेही खरखर लागली तर नवे बेअरिंग बसवताना मार खाल्लेले आहे.

मग चाकाला घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खटका लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटका गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर लोअर बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरची जोडणी) माउंटचा. ९ आणि ३च्या जागी धरल्यावरच हलले तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक बघायचा. घूं सुरू झाल्यावर लगेच चाक हलायला लागते असे नाही, खटका उशिरा येतो. खटका येईपर्यंत थांबू नका आणि तो आला असेल तर त्या गाडीने घाट उतरू नका.

गॅरेजमध्ये कोणी गाडी उचलून, गिअर टाकून चाक फिरवून ऐकतो म्हणाला, तर दोन्ही पुढची चाके हवेत असतील अशा लिफ्टवरच ते करू द्या. एकच चाक उचललेले असेल तर डिफरन्शिअलमुळे ते स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरते. काटा ४० दाखवतो तेव्हा चाक ८०ला असते. शिवाय सस्पेन्शन लोंबत असताना ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारे दांडे) तिरके होतात आणि त्यांची कटकट ऐकून चांगले जॉइंटही खराब ठरवले जातात.

बदलण्याची वेळ आली की खरे कौशल्य प्रेसवर (बेअरिंग दाबून बसवण्याच्या यंत्रावर) लागते. नवे बेअरिंग महिनाभरात घूं करायला लागते, ते बहुतेक वेळा बसवण्याच्या चुकीमुळे. नकलमध्ये बेअरिंग घालताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) द्यायचा. नंतर हब (ज्यावर चाक बसते तो भाग) आत दाबताना खालून आतल्या रेसला टेकू द्यायचा. उलट केले तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी होते. हातोडीने ठोकून बसवण्याचाही परिणाम तोच. जुन्या बेअरिंगची आतली रेस हबवर अडकून राहिली तर ती पुलरने काढायची. ग्राइंडरचा ओरखडा हबच्या बसणीवर उमटला तर हब बदलावा लागतो. एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडे आली पाहिजे.

मेकॅनिकला चार गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. स्ट्रटचे बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खूण करायची. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या होजवर लोंबकळत न ठेवता तारेने स्प्रिंगला बांधायचा. आणि एक्सलचा नवा नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळेपर्यंत चाक जमिनीवर टेकवायचे नाही. अर्धवट आवळलेल्या बेअरिंगवर गाडीचे वजन आले तर त्याच्या दोन ओळी एकमेकींपासून सरकतात. काम झाल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट. वाईसारख्या पावसाच्या भागात बेअरिंग जाण्याचे मोठे कारण पाणी आहे. लांबच्या प्रवासाने तापलेले चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बुडाले की बेअरिंगमधली हवा एकदम आकसते आणि सील थोडेही झिजलेले असेल तर त्यातून गढूळ पाणी आत ओढले जाते. साचलेल्या पाण्यात गाडी हळू घातली तरी हे टळत नाही, पाणी हबपर्यंत येणार असेल तर रस्ता बदललेला बरा.

प्रश्न : २००४ची अल्टो आहे. ब्रेक लावला की पुढे एकदाच ‘ठक’ होते, सोडला की पुन्हा ‘ठक’. नवे पॅड टाकले, लिंक रॉड बदला असेही सुचवले गेले. खडबडीत रस्त्यावर वेगळी ‘खडखड’ही आहे.
— एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या अल्टोला वेगळा लिंक रॉड नाहीच. मारुती ८०० आणि त्या पिढीच्या अल्टोत स्टॅबिलायझर बारचेच (दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन जोडणारी आडवी सळई) टोक रबरी बुशमधून लोअर आर्ममध्ये (चाकाला खालून धरणारा दांडा) गेलेले असते आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम तोच बार करतो. बुश झिजले की ब्रेक लावताना चाक मागे सरकते, सोडताना पुढे येते. तुमच्या दोन ‘ठक’ त्याच. चाकाच्या पुढून खाली बघा : बारच्या टोकाचे नट, वॉशर आणि त्यामधले रबर दिसेल. रबर चिरलेले किंवा एका बाजूला चेपलेले असेल तर दोन्ही बाजूंचे बुश बदला. नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. सस्पेन्शन लोंबत असताना आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेत बसते आणि लवकर फाटते.

खडखड बहुधा वेगळी आहे. खराब रस्त्यावर ती सुरू असताना ब्रेकला पाय नुसता टेकवा, गाडीचा वेग कमी होणार नाही इतकाच. आवाज तत्काळ थांबला तर पॅड कॅलिपरमध्ये सैल आहेत. पॅड बदलताना त्यांच्या पातळ स्टीलच्या क्लिपा फेकून दिल्या जातात किंवा जुन्याच वाकड्या बसवल्या जातात. नव्या क्लिपा घाला आणि कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साधे पेट्रोलियम ग्रीस नको, त्याने पिनेचे रबर फुगते.

प्रश्न : जुन्या सँट्रोत पूर्ण स्टिअरिंग वळवून पार्किंगमधून काढताना ‘कट-कट-कट’ होते. सरळ चालताना काहीच नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला फिरवणारा सांधा) गेला आहे. वळणाच्या दिशेवरून बाजू ठरवण्याच्या फंदात पडू नका, त्यात चूक होते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून दोन्ही चाकांच्या आतले रबरी बूट टॉर्चने बघा. घड्यांच्या तळाशी चीर असेल आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील, तर तोच जॉइंट.

कटकट सुरू झालेल्या जॉइंटला नवे ग्रीस भरून उपयोग नाही, गोळ्यांच्या खाचा खाल्ल्या गेलेल्या असतात. तो बदलावाच लागतो. मात्र बूट फाटला आहे आणि आवाज अजून नाही, अशा वेळी तासाभराचे काम जॉइंट वाचवते : जॉइंट डिझेलने धुवा, पूर्ण सुकवा, किटमधले मॉलिब्डेनमचे काळे ग्रीस सगळे वापरा, अर्धे जॉइंटच्या खाचांत दाबून आणि उरलेले बुटात. बुटाची पट्टी आवळण्याआधी बुटाची कड उचलून आतली हवा सोडा, नाहीतर बूट फुगलेला राहतो. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढला असेल तर गळलेले गिअर ऑइल परत भरायला विसरू नका.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावरून आल्यापासून पुढच्या चाकात पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज येतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला आहे. मोकळ्या जागेत सावकाश थोडे रिव्हर्स घ्या, पुष्कळदा तो पडतो. नाही पडला तर चाक काढून, डिस्क थंड झाल्यावर, पत्रा बोटांनी दोन-तीन मिलिमीटर मागे वाकवा. चाक काढलेच आहे तर आतल्या पॅडची जाडी बघा. ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर पॅड बदला. बाहेरचा पॅड कॅलिपरच्या खिडकीतून दिसतो म्हणून तो बघितला जातो, आणि आतला आधी संपतो.