अवांतर म्हणजे विषयाबाहेरचं का?

प्रश्न : पार्ल्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि कुणीतरी मुद्दाम घडवलेल्या भाषांवर बोलतो. एस्पेरांतो, क्लिंगॉन, तोकी पोना वगैरे. गप्पा भलतीकडे जातात म्हणून 'अवांतर चर्चा टाळावी' असा नियम केला. मागच्या वेळी एका काकांनी नंदभाषेचा विषय काढला. त्यांना नियम दाखवल्यावर ते चिडले. म्हणाले, "अवांतर असेल, पण विषयांतर नाही!" असा फरक खरंच आहे का? की सरळ 'अप्रस्तुत' लिहावं?

उत्तर : फरक आहे, आणि काकांचं बरोबर आहे.

'विषयांतर'मधलं अंतर म्हणजे 'दुसरा'. देशांतर म्हणजे दुसरा देश, वेषांतर म्हणजे दुसरा वेष. ('पाठांतर' मात्र फसवा शब्द. संस्कृतात तो पाठभेद, मराठीत घोकंपट्टी.) एक विषय सोडून दुसरा धरला की विषयांतर झालं.

'अवांतर'चं तसं नाही. संस्कृतात त्याचा अर्थ आत मोडणारं, गौण. शास्त्रग्रंथांत मुख्य प्रकार सांगून झाले की त्यांचे 'अवांतर भेद' येतात, म्हणजे पोटभेद. आता पोटातली गोष्ट घराबाहेरची कशी होईल? मराठीत हा शब्द जरा दाराकडे सरकला हे खरं. 'अवांतर वाचन' म्हणजे क्रमिक पुस्तकाबाहेरचं. पण तेही बाई कौतुकानंच करायला सांगायच्या. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात 'अवांतर वाचन टाळावे' अशी पाटी लावून बघा, लोक हसतील. तुमच्या नियमानं तेच केलंय.

'अप्रस्तुत' तर नकोच. शब्द म्हणून तो निर्मळ आहे, पण मराठीत त्याला सभापतींचा आवाज चिकटलाय. "आपला प्रश्न अप्रस्तुत आहे" असं चहाचा कप हातात असलेल्या माणसाला म्हणू नये.

आता नंदभाषेकडे. जुन्या व्यापाऱ्यांची आणि दलालांची ही गुप्त बोली, मुख्यतः आकड्यांची. उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच. समोर उभ्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून. विसोबा खेचरांच्या एका अभंगात शंकराचं वर्णन याच आकड्यांनी येतं, मुळू मुखं आणि उधानू डोळे. म्हणजे शब्द मुद्दाम पाडलेले, पण त्यांच्या मागंपुढं येणारं 'चा', 'ची', 'आहे' सगळं आपलं रोजचं मराठी.

याच्या नेमकं उलट एस्पेरांतोचं. झामेनहोफनं 1887 साली वॉर्सात ती जाहीर केली, तेव्हा शब्द बहुतेक युरोपातल्या भाषांमधूनच उचलले होते. घडवला तो सांगाडा : प्रत्येक नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', अनेकवचनाला पुढे 'य्'. अपवाद नाहीत. तिकडे शब्द उसने आणि व्याकरण घरचं, इकडे व्याकरण उसनं आणि शब्द घरचे. मग भाषा 'घडवली' असं म्हणायला दोन्हींतलं काय लागतं? मला वाटतं, तुमच्या बैठकीत यापेक्षा विषयाला धरून दुसरा प्रश्न निघणं अवघड आहे, आणि तो काकांनी काढला होता.

लहानपणीच्या 'च'च्या भाषेला मी इतकी जागा देणार नाही. 'चरीघ चतोजा' म्हणजे 'घरी जातो' उलटंपालटं करून पुढं 'च' ठोकलेला. गंमत आहे, पण दहा मिनिटांत संपते. 'मेयर'ला सावरकरांनी 'महापौर' केलं, तो प्रतिशब्दांचा प्रांत. तिथे मूळ भाषा चालतीबोलती आहे, तेव्हा ते विषयांतर. आणि मुंबईची हिंदी? ती कुणी कागद-पेन घेऊन बसून केलेली नाही, लोकलच्या दारात आणि बाजारात होत गेली. कितीही रंगली तरी विषयबाह्य.

हा 'विषयबाह्य' तुम्हाला उपयोगी पडेल. तो कोरडा आहे, कुणाला लागत नाही, आणि नियमाच्या कागदावर शोभतो. 'विषयबाह्य चर्चा नको. अवांतर थोडक्यात चालेल' एवढं लिहिलंत तरी पुरे. (तुम्ही 'कृत्रिम भाषा' न लिहिता 'घडवलेल्या' लिहिलंत ते छान. 'कृत्रिम' म्हटलं की मला दातांची कवळी आठवते.)

थोडक्यात म्हणजे किती, ते कोण ठरवणार, हा पेच राहतोच. ज्ञानेश्वरीत दृष्टांतामागून दृष्टांत येत राहतात आणि मग माउली म्हणतात, 'हें असो', आणि मूळ मुद्द्यावर येतात. तुमच्यात जे बैठक चालवत असतील त्यांना हे दोन शब्द देऊन ठेवा. काकाही त्यावर चिडणार नाहीत.