‘जटिल’ खोडा, ‘हुंडणावळ’ लिहा

फ्रँकफर्टच्या एका वाचकांचा प्रश्न: ‘आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी गुंतवणुकीवर लिहितोय. एस अँड पी ५०० निर्देशांकाचा युरो-हेज्ड फंड ही जटिल गुंतवणूक म्हणावी का?’

आधी ‘जटिल’ खोडा. जटा असलेला तो जटिल. जटा विंचरून सुटत नाहीत, कापाव्या लागतात. हल्ली मात्र गणित जटिल, वाहतूक जटिल, जरा अवघड दिसलं की जटिल! इथे ‘गुंतागुंतीची’ हवं, कारण गुंता धागा धागा करून सोडवता येतो. गुंतवणूक आणि गुंतागुंत दोघी ‘गुंतणे’च्याच लेकी.

आता फंड. एस अँड पी ५०० हा पाचशे बड्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक. युरो-हेज्ड म्हणजे डॉलर-युरो भावाच्या चढउतारापासून बचाव केलेला. युरोपीय संघात ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या मिफिड-२ या गुंतवणूकविषयक नियमांत वायदे करार स्वतः गुंतागुंतीच्या वर्गात मोडतात. पण यूसिट्स या सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठीच्या युरोपीय चौकटीतला फंड असे करार वापरतो म्हणून त्या वर्गात जात नाही. ‘स्ट्रक्चर्ड’, म्हणजे आधी ठरलेल्या सूत्राने परतावा देणारे, यूसिट्स तेवढे जातात. हेजिंगसाठी फंड महिन्याभराने द्यायचे डॉलर आजच ठरलेल्या भावाने विकून ठेवतो आणि महिनाअखेरीस नवा करार करतो. डॉलर पडला तर शेअरांवर युरोत जे बुडतं, ते करारावर भरून येतं. चढला तर तो फायदाही जातो.

याला खर्च येतो आणि त्याला म्हणे मराठीत शब्दच नाही! आहे ना, हुंडणावळ. शिवणावळ, दळणावळ, धुणावळ म्हणून बघा. ‘-णावळ’ म्हणजे काम करून दिल्याचे पैसे. खाणावळसुद्धा आधी जेवणाचे पैसे, मग ती जागा. तशी हुंडणावळ म्हणजे रक्कम या पेठेतून त्या पेठेत, या नाण्यातून त्या नाण्यात पोचवताना पडणारा आकार, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण ‘विनिमय दर’ एवढाच अर्थ सांगून मोकळे होतात. मग जुने लोक ‘हुंडणावळीचा दर’ का म्हणायचे? दराचा दर?

हेजिंगची हुंडणावळ येते दोन चलनांच्या व्याजातल्या फरकातून. डॉलरचं व्याज ५ टक्के, युरोचं ३ धरा. वर्षाला साधारण २ टक्के, म्हणजे १०,००० युरोंवर २०० युरो. फंडाच्या माहितीपत्रकातल्या वार्षिक शुल्कात हा आकडा शोधून सापडत नाही. तो परताव्यातूनच वजा होतो. युरोचं व्याज जास्त असेल तर फरक उलट तुमच्या पदरात पडतो. हुंडीचं, म्हणजे दुसऱ्या पेठेत पैसे मिळवून देणाऱ्या सावकारी चिठ्ठीचंही तसंच होतं, कधी दर्शनी रकमेपेक्षा जास्त भाव, कधी कमी. म्हणून तर हा शब्द इथे इतका चपखल बसतो!

तेव्हा अंकात लिहा: ‘नियमाने गुंतागुंतीची नाही, हुंडणावळ मात्र वेगळी तपासा.’ शब्द स्त्रीलिंगी आहे: ती हुंडणावळ, त्या हुंडणावळी.