आमची गिरगावातली चाळ हेरिटेज यादीत आहे. दुरुस्तीची परवानगी कोण देतं, आणि हेरिटेज समिती नक्की करते काय?

तुम्ही कळवलेली परिस्थिती अशी. चाळ शंभरीपुढची आहे, यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे आणि गॅलरीचे लाकडी कठडे व छप्पर दुरुस्तीला आलंय. मालक म्हणतो, "हेरिटेज आहे, हात लावता येत नाही." आणि भाडेकरूंपैकी निम्म्यांचं म्हणणं, यादीतून नाव काढून घेतलं की पुनर्विकासाचा मार्ग मोकळा. मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणारी आर्किटेक्ट आहे. दक्षिण मुंबईतल्या अशा इमारतींचे प्रस्ताव महापालिकेत नेणं हे माझं रोजचं काम. मालकाचं म्हणणं साफ चुकीचं आहे, हे आधी सांगते. हात लावता येतो, फक्त विचारून लावावा लागतो.

विचारायचं कोणाला? परवानगी देतात महापालिका आयुक्त. मुंबई वारसा जतन समिती, जिला सगळे हेरिटेज कमिटी म्हणतात, ती सल्ला देते. हा फरक लक्षात ठेवा, कारण समितीने "नाही" म्हटलं की सगळं संपलं असं लोक धरून चालतात. एप्रिल 1995 मध्ये राज्य सरकारने बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली आणली. जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत तो 67वा नियम होता, 2018 पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत तो 52वा आहे. मूळ नियमाचा गाभा असा: यादीतल्या इमारतीत बांधकाम, बदल, दुरुस्ती, गिलावा, खास नक्षीकाम बदलणं, पाडकाम, इतकंच काय रंगकामसुद्धा आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगी देण्याआधी आयुक्तांनी समितीचं मत घ्यायचं. ते मत डावलायचं असेल तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि डावलण्याचा अधिकार आयुक्तांना दुसऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. निर्णय कोणी घेतला हे कागदावर राहतं.

समितीत निव्वळ सरकारी माणसं नसतात. ती राज्य सरकार नेमतं. निवृत्त सनदी अधिकारी, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर, पर्यावरणाचा जाणकार, शहराच्या इतिहासाचा अभ्यासक अशी माणसं तिच्यात असतात. महापालिकेच्या विकास नियोजन खात्याचे प्रमुख अभियंता सदस्य-सचिव असतात आणि त्यांच्याच हाताखालचा हेरिटेज कक्ष तुमची फाईल तपासून समितीपुढे ठेवतो. म्हणजे समितीचे सदस्य तुमची चाळ बहुधा कागदावरच पाहणार. गरज वाटली तर जागेवर येतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता श्रेणी. पहिल्या श्रेणीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, एशियाटिकचा टाउन हॉल अशा वास्तू आहेत. तिथे मजबुतीसाठी अटळ असेल तेवढंच काम, तेही कमीत कमी. दुसऱ्या श्रेणीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग आहेत. आतले बदल, नवा वापर यांना वाव असतो, पण काटेकोर छाननीनंतर. महापालिकेचं 1893 साली पूर्ण झालेलं मुख्यालय दुसऱ्या 'अ' श्रेणीत आहे, म्हणजे नियम लावणाऱ्यांच्या घरालाही तोच नियम. तिसरी श्रेणी रस्त्याचा, वस्तीचा चेहरा घडवणाऱ्या इमारतींची. तुमची चाळ इथे. या श्रेणीत बाहेरून-आतून बदल करता येतात, नवा वापर करता येतो, आणि इमारत खरोखरच कमकुवत किंवा असुरक्षित असेल तर पुनर्बांधणीचाही विचार होतो. अट एवढीच की त्या जागेचं वैशिष्ट्य मोडता कामा नये.

एक गोष्ट आधी तपासा. इमारत स्वतः यादीत आहे, की ती फक्त हेरिटेज परिसरात मोडते? खोताची वाडी, बाणगंगा हे असे परिसर आहेत. परिसरातल्या बिनश्रेणीच्या घराला उंची, रस्त्याकडची बाजू, छपराचा आकार यांची बंधनं असतात, पण ती यादीतल्या इमारतीपेक्षा वेगळी. मालमत्ता पत्रकावरचा कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांक, म्हणजे जमीनमोजणीतला भूखंडाचा क्रमांक, आणि यादीतला क्रमांक जुळवून बघा. नावावर विसंबू नका. गिरगावात एकाच नावाच्या इमारती आणि एकाच मालकाच्या नावाच्या चाळी कितीतरी. पुरातत्त्व खात्याशीही हे प्रकरण मिसळू नका. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरीच्या लेण्यांना प्राचीन स्मारकांचा 1958चा केंद्रीय कायदा लागतो. त्यातला शंभर मीटरचा प्रतिबंधित पट्टा नुसत्या शहराच्या यादीत असलेल्या इमारतीभोवती नसतो.

तुमच्या कामाकडे येते. प्रस्ताव मालकाच्या किंवा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीने, आर्किटेक्टमार्फत जातो. सोबत इमारतीचे मोजून काढलेले नकाशे, चारही बाजूंचे फोटो, कुठे काय बिघडलंय याच्या खुणा केलेलं रेखाचित्र आणि कोणतं काम कोणत्या मालाने, कसं करणार याचं टिपण. या शेवटच्या टिपणावर प्रस्ताव तरतो किंवा बुडतो. "गॅलरीची दुरुस्ती" असं दोन शब्दांत लिहून दिलेला कागद परत येणारच, कारण त्यातून समितीला काही कळत नाही. तिला कळायला हवं की पहिल्या मजल्याच्या कठड्यातल्या किती दांड्या शाबूत आहेत, किती कुजल्यात, कुठे आधीच कोणी लोखंडी पट्टी मारलीय.

तुमच्यासारख्या कठड्यांत बहुधा चरकावर (लेथवर) कातलेल्या सागवानी दांड्या असतात. वरच्या हातदांडीत आणि खालच्या पट्टीत त्या खाचेत बसवलेल्या असतात, खिळे कमी. कूज धरते ती खालच्या खाचेत, जिथे पावसाचं पाणी साचतं. वरून रंग चांगला दिसतो. टोच्या घेऊन खालच्या टोकाला दाबलं की लाकूड भुशासारखं आत जातं. अशा वेळी अख्खा कठडा काढून ग्रिल बसवायचं नसतं. कुजलेलं टोक कापून तिथे त्याच मापाचा सागवानाचा जोड द्यायचा, खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला थोडा उतार द्यायचा आणि पाणी निघायला वाट ठेवायची. पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान बाजारात मिळतं, आणि ते आजच्या नव्या लाकडापेक्षा बहुतेक वेळा सरस असतं. एका खणाचा नमुना आधी करून त्याचा फोटो प्रस्तावाला जोडलात तर समितीचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

छपराचंही तसंच. मंगलोरी कौलं काढून पत्रा टाकायचा म्हणाल तर अडचण येईल, आणि यायलाच हवी. वासे-रीपा बदलून, कौलांखाली पाणी अडवणारा थर घालून वर पुन्हा कौलंच घातलीत तर हरकत घ्यायला कारण उरत नाही. लिफ्टबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी ती लवकरच लागेल. मागच्या बाजूला, जुन्या जिन्याला धक्का न लावता बसवलेल्या लिफ्टला परवानगी मिळू शकते. गॅलरी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करणं, एसीची खोकी दर्शनी भागावर टांगणं, दुकानाची पाटी कमानीवर ठोकणं या गोष्टी मात्र समितीला खटकतात. दादाभाई नौरोजी रोडवर दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत, एका शिस्तीत आणल्या गेल्या तेव्हा इमारती पुन्हा दिसायला लागल्या. नवीन काही बांधलं नव्हतं, झाकलेलं उघडं केलं होतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. अशा चाळींचा घात परवानगीने होत नाही, उशिराने होतो. मालकाला जुन्या भाडेनियंत्रणामुळे भाडं नगण्य मिळतं, म्हणून तो खर्च करत नाही. भाडेकरू म्हणतात इमारत मालकाची. दरम्यान चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती ओल आत कोंडते. मग लाकडी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस गॅलरीखाली टेकू लागतात. टेकू वर्षानुवर्षं तसेच राहतात. शेवटी इमारत 'सी-1', म्हणजे अतिधोकादायक, ठरते. पाडकामासाठीही समितीचं मत लागतं हे खरं, पण माणसांच्या जिवाचा प्रश्न आला की वारशाचा मुद्दा मागे पडतो, आणि पडायलाच हवा. काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनचं काय झालं पाहा. एकेकाळचं वॉटसन हॉटेल, 1896 साली ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली ती जागा, दुसऱ्या 'अ' श्रेणीतली. 2005 मध्ये तिचा एक भाग कोसळला. 2019 मध्ये रहिवाशांना बाहेर पडावं लागलं, आणि पाडायची की वाचवायची हा वाद उच्च न्यायालयात गेला. यादीतल्या वरच्या श्रेणीने तिची दुरुस्ती केली नाही. दुरुस्ती माणसांनीच करायची असते.

म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब खाली ते बंधनकारकच आहे. पण माणूस बघून निवडा. काँक्रीटसाठी असलेल्या चाचण्या लाकूड आणि चुन्याच्या भिंतींवर लावून "आयुष्य संपलं" असा शेरा मारलेले अहवाल मी पाहिले आहेत. तुमच्या चाळीत काँक्रीट असलंच तर नंतर बांधलेल्या संडास-मोऱ्यांत असेल. तुळयांची टोकं उघडून पाहिली का, प्रत्येक मजल्यावर लाकूड ठोकून, भोक पाडून तपासलं का, हे विचारा. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं.

इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे 30 सप्टेंबर 1969 पूर्वीची आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला उपकर भरणारी, तर मंडळाकडे दुरुस्तीची मागणी करा. तो तुमचा हक्क आहे. फक्त मंडळाची नेहमीची पद्धत लाकडी तुळया काढून लोखंडी आय-सेक्शन (इंग्रजी I आकाराच्या तुळया) आणि वर लादीकोबा (दगडी लाद्यांवर काँक्रीटचा थर) टाकण्याची. आतल्या खोल्यांत ती एखाद वेळी चालून जाते, पण दर्शनी गॅलरीला नाही. तिथे मूळ घाटाप्रमाणेच काम व्हावं, हे कामाचा आदेश निघण्यापूर्वी अंदाजपत्रकात लिहून घ्या. नंतर कंत्राटदाराशी भांडून उपयोग नाही.

आणि पुनर्विकास. 2012 मध्ये महापालिकेने नवी प्रस्तावित यादी काढली तेव्हा शिवाजी पार्कात केवढा विरोध झाला ते आठवत असेल. लोकांची भीती खोटी नव्हती. एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसं राहतात तेव्हा त्यांना जागा हवीच असते, आणि त्यांना वारशाचे शत्रू ठरवणं अन्यायाचं आहे. पण यादीतून नाव काढण्यामागे लागणं हा लांबचा आणि अनिश्चित रस्ता आहे. फेरबदल राज्य सरकारच्या पातळीवर होतो, हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तोवर छप्पर थांबत नाही. शिवाय वारसा नियमामुळे भूखंडावरचा जो बांधकामाचा हक्क वापरता येत नाही, त्याच्या बदल्यात मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क, मिळण्याची तरतूद याच नियमात आहे. तो विकून दुरुस्तीचा पैसा उभा राहू शकतो. मालकाला "हात लावता येत नाही" हे माहीत असतं, ही तरतूद मात्र क्वचितच माहीत असते. एकदा त्याच्यासमोर नियमाची प्रत ठेवून बसा, सोबत टीडीआरचा हिशेब करू शकणारा आर्किटेक्ट असू द्या.

छपराचं काम पावसाळ्याच्या तोंडावर काढू नका. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास मोजमापं आणि फोटो उरका, म्हणजे भिंतीवर यंदाच्या ओलीच्या खुणा अजून ताज्या असतात आणि गळती कुठून येते ते फोटोत धरता येतं. फाईल त्याच हिवाळ्यात आत गेली आणि समितीने एखाद-दोन खुलासे मागितले तरी मार्च-एप्रिलमध्ये कौलं उतरवायला वेळ मिळतो. परवानगी येईपर्यंत ताडपत्री घाला, पन्हळी साफ ठेवा, आणि कठड्याला टेकून कोणी उभं राहणार नाही अशी दोरी आजच बांधा.